एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे

“फॉर्मॅट मारावा लागेल, सर.”

संगणक दुरुस्त करणारी मुले हे वाक्य इतक्या सहजपणे बोलतात, की ऐकणाऱ्यालाही त्यात काही विशेष वाटू नये. नाशिकजवळच्या एका शाळेच्या कार्यालयात, मार्च महिन्यात, आम्ही ते ऐकले. आदल्या संध्याकाळपर्यंत नीट चालणारा संगणक त्या सकाळी सुरूच होईना. विंडोजची खूण दिसे, ठिपके गोल फिरत, मग निळा पडदा येई, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

संगणकात वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या रात्रभर बसून पुन्हा टाइप करता आल्या असत्या. पण मराठीच्या बाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेल्या मुलांकडून त्यांनी बारा वर्षे रानभाज्यांची नावे जमवून घेतली होती. कोणती भाजी कोणत्या पावसानंतर उगवते, कोवळी कुठवर खायची, घरात तिला काय म्हणतात, अशी ती यादी. माहिती सांगणाऱ्या आज्यांपैकी काहीजणी आता नाहीत, आणि मूळ वह्या केव्हाच रद्दीत गेल्या आहेत.

“बॅकअप आहे ना, बाई?”

“आहे ना. डी ड्राइव्हला ठेवलाय.”

हे उत्तर आम्ही अनेक शाळांत ऐकले आहे. सी आणि डी ही दोन वेगळी कपाटे आहेत असे पडद्यावर दिसते खरे. पण बहुतेक संगणकांत त्या एकाच हार्ड डिस्कवर आखलेल्या दोन वाटण्या असतात. डिस्क गेली तर दोन्ही जातात. सुदैवाने येथे डिस्क गेलेली नव्हती. बिघडली होती ती विंडोज. आणि विंडोज बिघडणे व फायली जाणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय त्याच डिस्कवर दुसरे एक बिऱ्हाड होते. संगणक फार मंद झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिली होती. संगणक सुरू करताना दोन नावांची यादी येई आणि सगळेजण सवयीने विंडोजचे नाव निवडत. आम्ही त्या दिवशी दुसरे निवडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक शाळांतले जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे अशी दोन बिऱ्हाडांची घरे आता वाढत जाणार. म्हणून एका बिऱ्हाडातून दुसऱ्याच्या खोलीत कसे जायचे, आणि तेथे कशाला हात लावायचा नाही, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

सातबारा आणि गट नंबर

डिस्कला फाईल म्हणजे काय ते ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने ती केवळ क्रमांक घातलेल्या कप्प्यांची लांबलचक रांग आहे. परंपरेने एका कप्प्यात ५१२ बाइट मावतात. ५०० जीबीच्या साध्या डिस्कवर असे ९७ कोटी ६७ लाखांहून अधिक कप्पे असतात. कप्पा अमुक नंबरचा वाच, तमुक नंबरचा लिही, एवढेच तिला समजते.

या रांगेची वाटणी कशी केली आहे हे जुन्या पद्धतीत पहिल्याच कप्प्यात लिहिलेले असते. त्याच्या ५१२ बाइटांचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी. त्यानंतर प्रत्येकी १६ बाइटांच्या ४ नोंदी, म्हणजे ६४ बाइट. शेवटी खूणगाठीचे २ बाइट. बेरीज करून पाहावी. ही प्रत्येक नोंद म्हणजे एका तुकड्याचा सातबाराच: तुकडा कुठून सुरू होतो, किती कप्प्यांचा आहे, आणि त्यात कोणते पीक आहे. पीक सांगायला एक अंक असतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या तुकड्याला ७, लिनक्सच्या तुकड्याला षोडशमान पद्धतीत ८३.

कप्प्यांची संख्या लिहायला या नोंदीत ३२ बिटच ठेवले होते. दोनाचा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६; त्याला ५१२ ने गुणले की सुमारे २.२ टेराबाइट येतात. त्याहून मोठ्या डिस्कला ही पद्धत अपुरी पडू लागली. आज नवीन संगणकांत जीपीटी नावाची पद्धत असते आणि तिच्या कोष्टकात साधारणतः १२८ तुकड्यांची जागा ठेवलेली असते.

चारच नोंदींच्या काळातली एक युक्ती मात्र समजून घेतली पाहिजे, कारण तिचा गोंधळ आजही होतो. चारांपेक्षा जास्त तुकडे हवे असतील तर एक मोठा तुकडा घेऊन त्याच्या पोटात आणखी तुकडे पाडत. लिनक्स अशा पोटतुकड्यांना नंबर देते ते ५ पासून, मग बाहेरचे चार नंबर वापरलेले असोत वा नसोत. आमच्या शाळेतला डी ड्राइव्ह लिनक्समध्ये ‘एसडीए ५’ म्हणून दिसला आणि बाईंना वाटले, मधले तीन गेले कुठे! कुठेही गेले नव्हते. सी, डी ही अक्षरे डिस्कवरच्या सातबाऱ्यात नसतातच. ती विंडोजने आपल्या वहीत लिहून ठेवलेली घरगुती नावे आहेत. लिनक्समध्ये तुकडा ओळखायचा तो आकारावरून, त्याला दिलेल्या नावावरून आणि फाईलव्यवस्थेच्या प्रकारावरून.

लिनक्सकडे ड्राइव्हची अक्षरे नसतात. एकच मोठे झाड असते आणि सगळे फोल्डर त्याच्या फांद्या. दुसरे पार्टिशन वापरायचे तर ते या झाडाच्या एखाद्या फांदीवर जोडावे लागते. याला माउंट करणे म्हणतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचे कलम बांधतात, तसेच काहीसे. मूळ झाड लिनक्सचे, वरची फांदी विंडोजची. एवढाच फरक, की हे कलम सोडवताही येते. आणि सोडवण्याआधी रस पूर्ण पोचू द्यावा लागतो. तो पोचण्याआधी पेन ड्राइव्ह उपटला की काय होते ते सर्वांनी अनुभवले आहे.

वाचणे सोपे, लिहिणे अवघड

तुकडा सापडला, कलम बांधायची फांदी ठरली. तरीही एक प्रश्न उरतो. तुकड्याच्या आत फायली कशा मांडल्या आहेत, हे लिनक्सला कसे कळणार?

मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत फॅट. तिचा जन्म १९७७ चा, फ्लॉपीच्या काळातला. ती इतकी साधी आहे की आठवीच्या वर्गात चौकटीच्या वहीवर खेळता येते. चौकटींना नंबर द्या. प्रत्येक चौकट म्हणजे डिस्कवरचा एक गठ्ठा. शेजारी एक कोष्टक ठेवा. त्यात प्रत्येक गठ्ठ्यासमोर ‘पुढचा गठ्ठा कोणता’ एवढेच लिहा. समजा, गणिताच्या प्रश्नपत्रिकेची फाईल ५ व्या गठ्ठ्यापासून सुरू होते. कोष्टकात ५ समोर ६, ६ समोर ९, आणि ९ समोर ‘समाप्त’. म्हणजे फाईल ५, ६, ९ अशा तीन गठ्ठ्यांत आहे. एखाद्या मुलाला मुद्दाम ६ समोर ५ लिहायला सांगा. मग दुसऱ्याला फाईल वाचू द्या. तो जन्मभर ५-६-५-६ करत बसेल. बिघडलेली डिस्क म्हणजे काय हे याहून चांगले आम्हाला समजावता आलेले नाही.

फॅटमधली आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १९९५ नंतर यात लांब नावे ठेवता येऊ लागली. नाव ३२ बाइटांच्या पट्ट्यांवर लिहितात आणि एका पट्टीवर १३ चिन्हे मावतात. आता ‘प्रश्नपत्रिका’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने मोजा: प, हलन्त, र, श, हलन्त, न, प, त, हलन्त, र, वेलांटी, क, काना. बरोबर तेरा! या नावाचा फोल्डर एका पट्टीत चपखल बसतो.

साधेपणामुळे फॅट वाचायला लिनक्स फार लवकर शिकली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये खुली केली आणि पुढच्याच वर्षी ती डॉसच्या डिस्का हाताळू लागली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येत असे. ती बसवून लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडून दाखवणे हा तेव्हा आमच्यातल्या काहींचा जादूचा प्रयोग होता.

एनटीएफएसचे मात्र वेगळे झाले. ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. तिच्या रचनेचा संपूर्ण आराखडा मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला नाही. तेव्हा लिनक्सवाल्यांनी बाहेरून निरीक्षण करायचे ठरवले: विंडोजमध्ये एक फाईल करायची, डिस्कवरचे कोणते बाइट बदलले ते पाहायचे, तर्क बांधायचा, पुन्हा प्रयोग करायचा. या वाटेने १९९७ मध्ये मार्टिन फॉन ल्योविस यांचा वाचणारा भाग लिनक्सच्या गाभ्यात आला. भरवशाने लिहिता येईल असा एनटीएफएस-३जी हा प्रोग्रॅम मात्र स्थिर स्वरूपात आला तो २००७ मध्ये. आणि पूर्ण लिहू-वाचू शकणारा भाग खुद्द गाभ्यात समाविष्ट झाला २०२१ मध्ये; तो पॅरागॉन सॉफ्टवेअर या कंपनीने दिला.

वाचायला शिकल्यापासून नीट लिहायला शिकेपर्यंत दहा वर्षे का लागावीत? शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणले की उत्तर मिळते.

परका माणूस कार्यालयात आला आणि त्याने हजेरीपट उघडून एक नाव वाचले, तर काहीच बिघडत नाही. त्यातल्या चार खुणा त्याला कळल्या नाहीत, तर त्या सोडून तो पुढे वाचील. पण त्याला एका मुलाचे नाव घालायचे असेल तर? हजेरीपटात नाव, जनरल रजिस्टरला नोंद, फीच्या वहीत पान, वर्गाच्या पटसंख्येत एकाची भर, सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. एक जरी वही राहिली तर तपासणीच्या दिवशी घोटाळा. वाचणाऱ्याला काही गोष्टी न कळून चालते. लिहिणाऱ्याला सगळ्या कळाव्या लागतात.

एनटीएफएसमध्ये अशाच वह्या आहेत. मास्टर फाईल टेबल हे त्याचे जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक फाईलीसाठी साधारणपणे १०२४ बाइटांचे एक पान असते. फाईल फारच लहान असली तर ती त्या पानातच मावते, वेगळा गठ्ठा लागत नाही. रिकाम्या-भरलेल्या जागांचा एक नकाशा असतो, दर गठ्ठ्याला एक बिट. फोल्डरांच्या सूच्या असतात. आणि एक रोजनामाही असतो: कोणतीही वही बदलण्याआधी ‘आता अमुक करणार आहे’ असे त्यात लिहायचे, मगच बदल करायचा. मध्येच वीज गेली, तर परत आल्यावर रोजनामा वाचून अर्धवट काम एकतर पुरे करता येते किंवा मागे घेता येते. भारनियमनाच्या गावात या रोजनाम्याने किती काम वाचवले असेल याची कल्पना करावी.

भाऊसाहेब डुलकी घेताहेत

आता त्या सकाळकडे परत जाऊ. लिनक्स सुरू झाली. डी ड्राइव्हवर क्लिक केले आणि तिने तो उघडायला चक्क नकार दिला. इंग्रजी संदेशाचा आशय असा: फाईलव्यवस्थेच्या नोंदी विंडोजच्या तात्पुरत्या साठ्यात राहिल्या आहेत, जोडणी नाकारली आहे.

दुरुस्तीवाल्या मुलाचा चेहरा ‘मी म्हणालो नव्हतो का’ असा झाला. पण हा नकार म्हणजे बिघाड नव्हता. तो शहाणपणा होता.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संगणक ‘शट डाऊन’ केला तरी तो पुरता बंद होत नाही. आपले उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आपली स्मृती डिस्कवरच्या एका फाईलीत गुंडाळून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करतो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. पाचदहा सेकंद वाचावेत म्हणून केलेली ही सोय. म्हणजे कार्यालयातले भाऊसाहेब घरी गेलेलेच नाहीत. टेबलावर वह्या उघड्या ठेवून, काही आकडे डोक्यात ठेवून, खुर्चीतच डुलकी घेताहेत. अशा वेळी आपण वहीत काही लिहिले तर? भाऊसाहेब जागे होतील आणि डोक्यातले जुने आकडे आपल्या नोंदीवर लिहून टाकतील. दोघांचेही बरोबर, आणि वही मात्र चुकीची.

येथे एक उलटसुलट गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘शट डाऊन’ने विंडोज अर्धवट झोपते आणि ‘रीस्टार्ट’ने पूर्ण बंद होऊन पुन्हा उठते. म्हणून लिनक्समध्ये जायचे असेल तर विंडोजमध्ये रीस्टार्ट निवडावे आणि मधल्या यादीत लिनक्सचे नाव घ्यावे. दोन्ही बिऱ्हाडे नेहमी वापरायची असतील, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे. जुन्या संगणकाला सुरू व्हायला थोडा उशीर लागेल, लागू द्यावा.

पण आमची विंडोज तर उठतच नव्हती. मग उरला तो मार्ग केवळ वाचण्याचा. माउंट आज्ञेला ‘आर-ओ’ ही दोन अक्षरे जोडली, की लिनक्स त्या तुकड्यावर एक बिटही लिहीत नाही. (आज्ञा इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या असतात, येथे उच्चार दिले आहेत.) आधी ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा देऊन तुकड्यांची यादी पाहिली: कोणता किती जीबीचा. एका रिकाम्या फोल्डरवर एसडीए ५ केवळ वाचण्यापुरता जोडला. तुकडा उघडला. बारा वर्षांची पाने तिथेच होती. एखाद्या वेळी रोजनाम्यातले शेवटचे काम लागू न झाल्याने अगदी आदल्या मिनिटाची फाईल जुन्या रूपात दिसू शकते. आमच्या बाबतीत तसे काही जाणवले नाही. सगळे फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, उतरवलेल्या फायलींपैकी काही उघडून पाहिल्या, आणि मगच त्या मुलाला म्हटले, “आता खुशाल मार.”

याच ठिकाणी झोपलेल्या विंडोजची गुंडाळलेली स्मृती पुसून टाकून लिहिण्यासाठी जबरदस्तीने शिरण्याचा पर्यायही असतो. आमच्यापैकी एकाने घरच्या संगणकावर तो एकदा वापरला. संगणक तेव्हा खराखुरा हायबरनेट केलेला होता, म्हणजे उघडे प्रोग्रॅमही त्या स्मृतीत होते. न साठवलेली अकरा पाने गेली ती गेलीच. कोणालाही दोष देता येत नाही अशी चूक फार दिवस सलते.

ज्यांच्या संगणकावर लिनक्स बसवलेली नाही त्यांनाही हे सारे करता येते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू होतात. शाळेच्या कपाटात असा एक पेन ड्राइव्ह असावा असे आमचे मत आहे.

रोज दोन्हीकडे ये-जा असेल तर काय करावे? आम्ही तरी सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून कधीच लिहीत नाही. ती विंडोजची स्वयंपाकघराची खोली. सामाईक फायलींसाठी एक वेगळे एनटीएफएस पार्टिशन ठेवावे आणि तेच लिहिण्यासाठी जोडावे. लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीचा तुकडा विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून बैठकीची खोली विंडोजच्या पद्धतीची असलेली सोयीची. नावे ठेवताना मात्र जपावे. लिनक्सला ‘वेळापत्रक १०:३०’ हे नाव चालते. विंडोजला नावातली ती दोन टिंबे चालत नाहीत आणि मग फाईल दिसूनही उघडत नाही. आणि घड्याळ! संगणकातले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर लावते, विंडोज त्याला स्थानिक वेळ समजते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसले, तर बॅटरी गेली म्हणून दुकानात धावू नका. भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल असे हे उदाहरण आहे.

कुलूप कोणाचे?

बाईंच्या फायली मिळाल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी एक प्रश्न विचारला, जो आम्हाला आधीच सुचायला हवा होता. “त्या संगणकाला पासवर्ड होता. तो न विचारताच तुम्ही आत कसे शिरलात?”

विंडोजचा पासवर्ड म्हणजे विंडोजच्या दारावरचा पहारेकरी. विंडोज चालू असेल तरच तो उभा असतो. आम्ही त्या दारातून गेलोच नव्हतो. कप्प्यांवर लिहिलेले सारे कोणालाही वाचता येण्याजोगे होते. वाचायची पद्धत ठाऊक असली की झाले. म्हणजे प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, पालकांचे फोन नंबर असलेला संगणक एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या हाती अर्धा तास पेन ड्राइव्हसह लागला, तर पासवर्डचा काही उपयोग नाही.

खरे कुलूप म्हणजे मजकूरच सांकेतिक करून ठेवणे. विंडोजमध्ये याला बिटलॉकर म्हणतात. अलीकडच्या अनेक विंडोज ११ संगणकांवर असे सांकेतिकीकरण मालकाला न कळता आपोआप चालू झालेले असते. तिथे लिनक्समधून पाहिले तर नुसता अर्थहीन बाइटांचा ढीग दिसतो. ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली असेल तरच आत जाता येते. ती किल्ली कागदावर उतरवून, संगणकापासून दूर, शाळेच्या तिजोरीत ठेवावी. किल्ली हरवली तर फायली मिळवून देणारा कोणी नाही, आणि असला असता तर ते कुलूपच नव्हे.

फाईल उघडली, अक्षरे उघडेनात

बाईंची यादी आम्ही लिनक्समध्ये उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, अवतरणचिन्हे आणि कंस यांचा चिवडा उमटला. बाई क्षणभर गप्प झाल्या.

फाईल धड होती. ती युनिकोडपूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली होती. या फॉन्टांत फाईलमध्ये प्रत्यक्ष साठते ते इंग्रजी अक्षराचाच क्रमांक. फक्त त्या क्रमांकावर फॉन्ट बनवणाऱ्याने मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट असेल तोवर मराठी दिसते, नसेल तर मूळ क्रमांक उघडे पडतात. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे १२८ क्रमांक आहेत, पण महाराष्ट्रातल्या शाळा, छापखाने आणि कचेऱ्या त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टांवर लिहीत राहिल्या. पार्टिशन वाचणे ही पहिली पायरी. हे दुसरे वाचन त्याहून किचकट.

उपाय त्याच डिस्कवर होता. सी ड्राइव्हही केवळ वाचण्यापुरता जोडला. विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरात शाळेने विकत घेतलेला तो फॉन्ट सापडला; परवान्यात काही आडकाठी नाही हे पाहून तो लिनक्समध्ये बसवला आणि यादी वाचता येऊ लागली. पण ती आणखी एका फॉन्टावर जन्मभर अवलंबून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून परिवर्तक वापरून सगळी युनिकोडमध्ये उतरवली.

परिवर्तक ठेच खातो तो ठरलेल्या जागी. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. टाकळा, शेवळा, भारंगी नीट उतरल्या. ‘दिंडा’ची वेलांटी आणि ‘कुर्डू’चा रफार मात्र जागोजाग शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. बाईंनी नववीतल्या सुरगाण्याच्या दोन मुलींना बोलावले. एक छापील यादी वाचू लागली, दुसरी पेन्सिलीने खुणा करू लागली. चौथ्या पानावर पहिली थांबून म्हणाली, “बाई, हे अक्षर बरोबर आहे, पण आमच्याकडे या भाजीला असं म्हणत नाहीत.” बाईंनी समासात नवे नाव लिहून घेतले.